पट्ट्यांची चड्डी आणि बिननावाचा चित्रकार

कॉमिक्समधल्या वेताळाला, म्हणजे फँटमला, कान नाहीत. म्हणजे असतीलच, पण त्या घट्ट टोपीखाली ते १९३६पासून कुणाला दिसलेले नाहीत. डोळ्यांत बुबुळं नाहीत, मुखवट्याच्या भोकांत नुसता पांढरा. आणि पोशाख अंगाला इतका चिकटलेला की कापडाला चुणी पडायची सोयच नाही. सही नसलेल्या चित्राचा चित्रकार ओळखायचा तर कान, डोळे आणि कपड्याच्या चुण्या आधी बघायच्या. वेताळाचा जनक ली फॉक याने ही तिन्ही दारं पहिल्याच दिवशी लावून घेतली आहेत.

हे माझ्या ध्यानात आलं ते जुन्या बाजारातून आणलेल्या एका मराठी इंद्रजाल कॉमिक्समुळे. रविवारी आणि बुधवारी मंगळवार पेठेत तो बाजार भरतो. नळाच्या तोट्या, बंद पडलेले मिक्सर आणि त्यांच्यामध्ये एखादं पुस्तकांचं पोतं. पुस्तिकेला मुखपृष्ठ नव्हतं. पहिलं पान नव्हतं आणि म्हणून शेवटचंही नव्हतं, कारण पाठीत पिना मारलेल्या पुस्तिकेत एक पान निसटलं की त्याचं जोडपानही जातं. उरलेल्या पानांवर कुठेही नाव नाही, सही नाही, अंक क्रमांक नाही. गोष्ट जंगलातली, वेताळ नेहमीसारखा ठोसे मारतोय.

आमच्या गल्लीत, सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या उरलेल्या दोन खोल्यांत एक काका राहतात. त्यांच्याकडे इंद्रजालचा मोठा साठा आहे आणि प्रत्येक अंकाचं एक कार्ड. ते वस्तू दाखवतात, देत नाहीत. "इथे बसून काय बघायचं ते बघ, घरी न्यायचं नाही" हे दारातच सांगतात. माझी पुस्तिका त्यांनी चाळली आणि निकाल दिला, "बॅरी. ठेवून दे."

काकांचा नियम सोपा आहे. वेताळाचे चित्रकार दोन: गोल चेहऱ्याचा बाळबोध वेताळ म्हणजे मॅकॉय, देखणा वेताळ म्हणजे सी बॅरी. इंद्रजाल १९६४च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९०मध्ये बंद पडलं. त्या सगळ्या काळाला हा नियम बऱ्यापैकी पुरतो. पण माझ्या पुस्तिकेतला वेताळ सुरुवातीच्या पानांवर देखणा नव्हता, आणि पुढे पुढे झाला होता तोही बॅरीइतका नाही. मी तसं म्हटलं. काका म्हणाले, "छपाई वाईट आहे."

आता छपाईबद्दल मला कुणी सांगायचं म्हणजे जरा अवघडच. मी नारायण पेठेत ऑफसेटच्या प्रोसेसिंगमध्ये अर्धं आयुष्य काढलंय. कॅमेरा, निगेटिव्ह, मास्किंग, प्लेट, आणि नंतर हे सगळं जाऊन संगणक. चित्रकलेचं शिक्षण शून्य. पण छापील पानावर कुठला डाग कुणाचा हे मला कळतं, आणि या कामात त्याचा उपयोग चित्रकलेपेक्षा जास्त झाला. कारण इंद्रजालच्या पानावर जे दिसतं त्यातलं बरंचसं चित्रकाराचं नसतंच. आधी ते वजा करायला लागतं.

पहिला वजा होतो रंग. वेताळाचा जांभळा पोशाख आपल्याला त्याच्या कातडीइतका खरा वाटतो. पण फॉकच्या मनात आधी करडा रंग होता, आणि जांभळा आला तो १९३९मध्ये वर्तमानपत्रात वेताळाची रविवारची रंगीत चित्रपट्टी सुरू झाली तेव्हा. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. चित्रकाराने काढून दिली ती काळी रेघ. रंगावरून चित्रकार ओळखायला जाल तर फार तर छापखाना ओळखाल.

म्हणून मी पानं स्कॅन केली आणि रंग गाळायला बसलो. पूर्वी कॅमेऱ्याला फिल्टर लावून करायचो तेच. चार रंगांच्या छपाईत जांभळा म्हणजे सायन (आकाशी निळा) आणि मजेंटा (गडद गुलाबी). स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांत, म्हणजे चॅनेलमध्ये, उलगडता येतो. निळ्या चॅनेलमध्ये ते दोन्ही फिके पडतात आणि वेताळाच्या अंगावर फक्त काळी शाई उरते. जंगलाचा हिरवा म्हणजे सायन आणि पिवळा, तो हिरव्या चॅनेलमध्ये विरतो. माणसांच्या कातडीचा रंग लाल चॅनेलमध्ये. ज्या रंगाचा भाग, त्याला त्याच रंगाचा चॅनेल. गोची एवढीच की जुना कागद पिवळा पडलेला असतो, आणि निळ्या चॅनेलमध्ये वेताळ स्वच्छ होतो तेव्हा कागद मात्र चहा सांडल्यासारखा काळवंडतो. तेवढं हाताने साफ करावं लागलं. काळ्याचं रजिस्टर, म्हणजे रंगांवर नेमकं बसणं, हललेलं असलं तरी एक बरं झालं: रंग बाजूला सरकल्यामुळे काही ठिकाणी रेघ उघडी पडली होती.

दुसरे वजा होतात संवादांचे फुगे. इंग्रजी अक्षरं पांढरी करून त्या जागी मराठी हाताने लिहिलेली. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. साहजिकच फुगा वाढतो आणि शेजाऱ्याला खातो. एका चौकटीत फुग्याने एका शिपायाचा कोपर खाल्लाय आणि मग कुणीतरी तो कोपर पुन्हा काढलाय. दिसतो तो हाडाशिवायचा, नळीसारखा. मजकूरही पुरावा नव्हे. वेताळाचा मूळचा देश बेंगाला इंद्रजालमध्ये डेंकाली झाला, चाच्यांची सिंग टोळी सिंगा झाली. गोष्टीचाही भरवसा नाही, कारण वर्तमानपत्रातल्या जुन्या गोष्टी अमेरिकेत गोल्ड की कॉमिक्ससाठी दुसऱ्या हाताने नव्याने काढल्या गेल्या. एकच कथानक, दोन चित्रकार.

तिसरी वजाबाकी सगळ्यात मजेची. वर्तमानपत्रातली पट्टी आडवी आणि इंद्रजालचं पान उभं. चौकट जागेत बसेना की ती कापायची, नाहीतर कडेला चित्र वाढवायचं. हे वाढवलेलं काम भिंगाखाली लगेच कळतं. माझ्या पुस्तिकेत एका झाडाचा बुंधा वरपर्यंत जाड-बारीक होत जाणाऱ्या कुंचल्याच्या रेघेने आलाय, आणि वरची दोन बोटं उंची एकसारख्या जाडीच्या पेनाच्या रेघेने. सालीच्या खुणाही तिथे संपतात. तो मुंबईचा हात, इंद्रजाल तिथून निघायचं. त्या माणसाचं नावही कुठे नाही. खरं तर त्याचा शोध घ्यायला मला जास्त आवडलं असतं, पण दोन बोटं झाडावरून काय शोधणार?

एवढं वजा केल्यावर जी काळी रेघ उरली तिच्याकडे बघायला लागलो.

चित्रकार ओळखायची ही रीत कॉमिक्सवाल्यांनी काढलेली नाही. जोव्हानी मोरेल्ली नावाच्या, वैद्यक शिकलेल्या इटालियन गृहस्थाने १८७०च्या दशकात इव्हान लेर्मोलिएफ या टोपणनावाने लेख लिहून ती मांडली. त्याचं म्हणणं असं की चेहरा, हावभाव, एकूण मांडणी यांकडे चित्रकाराचं लक्ष असतं, आणि नक्कल करणारा नेमकं तेच उचलतो. कानाची पाळी, बोटाचं नख या गोष्टी हात सवयीने काढतो, तिथे माणूस सापडतो. ड्रेस्डेनच्या संग्रहालयात तिशियनची नक्कल म्हणून नोंदलेली निद्रिस्त व्हीनस त्याने जॉर्जोनेची ठरवली. कॉमिक्समध्येही हे झालंय. डिस्नेच्या बदकांच्या कॉमिक्सवर फक्त वॉल्ट डिस्नेचं नाव असायचं. पण अमेरिकेतली पोरं एका चित्रकाराची बदकं बरोबर वेगळी काढून त्याला 'चांगला बदकवाला' म्हणायची. १९६०मध्ये एका चाहत्याने पत्रं लिहून छडा लावला तेव्हा त्याचं नाव कार्ल बार्क्स हे कळलं.

आपल्याकडेही हे नवं नाही. दीनानाथ दलालांचं दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ सही झाकून दाखवलं तरी सांगणाऱ्या बायका आमच्या घरात होत्या. मुळगावकरांचं तर कॅलेंडर लांबून, अंगकांतीवरून कळायचं. पण दलाल-मुळगावकर सही करायचे. उत्तर कोपऱ्यात लिहिलेलं असताना गणित शिकलेली ती पिढी.

वेताळाकडे परत. त्याला कान नाहीत, तर बाकीच्यांना आहेत! वेताळ कसा दिसायचा हे ठरलेलं असतं. नवा चित्रकार आला तरी वाचकाला धक्का बसू नये म्हणून तो आधीच्या माणसासारखा काढायला बघतो. पण खलनायकाच्या मागे उभा असलेला तिसरा माणूस, बोटीवरचा खलाशी, पळून जाणारा पहारेकरी यांच्यासाठी कसला नमुना? तिथे हात मोकळा सुटतो. मी वेताळ सोडून दिला आणि फालतू माणसांचे कान ट्रेसिंग पेपरवर उतरवत बसलो. बायको म्हणाली, "एवढे कान, आणि माझं एक ऐकू येत नाही." तेही खरंच.

कान दोन प्रकारचे निघाले. एका प्रकारात बाहेरची कमान आणि आत एक आकडा, संपलं. दुसऱ्यात आतली घडी वेगळी, पाळी गालाला चिकटलेली आणि कानामागे कुंचल्याचा छोटा काळा ठिपका. आणि हे दोन्ही पुस्तिकेभर मिसळलेले नव्हते. पहिला प्रकार सुरुवातीच्या पानांत, दुसरा नंतरच्या. मध्ये एका पानावर वरच्या अर्ध्यात आकडेवाले कान, खालच्या अर्ध्यात ठिपकेवाले. गोष्ट तीच, खलनायक तोच, त्याची मिशी तीच. हात बदललेला.

मग त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना वेताळाकडे पुन्हा बघितलं. त्याच्या अंगावर चित्रकाराला एकच जागा मोकळी मिळते आणि ती म्हणजे ती पट्ट्यांची चड्डी. सांध्याच्या अलीकडे पट्टे सपाट, फूटपट्टीने ओढल्यासारखे, वेताळ वळला तरी पट्टे वळत नाहीत. पलीकडे पट्टा कमरेला वळसा घालतो, मांडीपाशी खाली झुकतो, सावलीच्या बाजूला जाड होतो. कवटीच्या अंगठीचा हातही तसाच. अलीकडे चार बोटं एकत्र, मोज्यासारखी. पलीकडे बोटाच्या पेरांवर दोन-दोन आखूड फटकारे. पुढे एका पानावर वेताळ चौकड्यांचा ओव्हरकोट आणि काळा चष्मा घालून शहरात येतो. तो कोट म्हणजे तर पर्वणीच. चौकडा बाहीच्या घडीपाशी तुटतो आणि घडीच्या पलीकडे सरकून पुन्हा सुरू होतो. कापड कळणाऱ्या माणसाचं काम.

अलीकडचा हात विल्सन मॅकॉयचा, याबद्दल काकांशीही वाद झाला नाही. पहिला चित्रकार रे मूर अंधारात रमणारा, सावल्यांचा. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला तेव्हा काम त्याच्या मदतनिसाकडे, मॅकॉयकडे आलं. मॅकॉयची रेघ साधी, माणसं जरा ताठ. तो स्वतःला, बायकोला, मित्रांना उभं करून फोटो काढायचा आणि त्यावरून चित्र करायचा. ताठरपणा तिथून आला असेल, असं आपलं माझं मत. १९६१मध्ये तो अचानक गेला. पट्टी रोजची, गोष्ट अर्ध्यावर, वर्तमानपत्रं वाट बघणार नाहीत. सी बॅरी कायमचा येईपर्यंत मधल्या काळात दोघांनी खिंड लढवली, कार्माइन इन्फँटिनो आणि बिल लिग्नांटे.

म्हणजे पलीकडच्या हातासाठी तीन नावं. काकांचं म्हणणं अजून बॅरीच.

तुलनेसाठी स्वच्छ पानं हवी होती, आणि रंगीत अंक पुन्हा तीच गाळागाळी करायला लावणार. इथे ऑस्ट्रेलिया कामाला आली. तिथली फ्रू ही संस्था १९४८पासून वेताळ छापते आणि आतली पानं काळी-पांढरी असतात. मित्राच्या मुलाने मेलबर्नहून येताना जुन्या गोष्टींच्या पुनर्मुद्रणाचे काही अंक आणले. प्रोसेसिंगवाल्याला याहून चांगली भेट नाही. मी त्यांचे आणि माझ्या गाळलेल्या पानांचे सारख्या मापाचे झेरॉक्स काढले, अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्याने "सर, मुलांचा प्रोजेक्ट का?" असं विचारलं, मी हो म्हणालो.

बॅरी आधी बाद झाला. तो मुळात शाईवाला. वेताळाकडे येण्याआधी त्याने दुसऱ्यांनी पेन्सिलीने काढलेल्या चित्रांवर भरपूर शाई केली होती, आणि ते त्याच्या रेघेत दिसतं. जाडीवरून बारीकवर येताना रेघ कुठेही अडखळत नाही, काळ्या भागाची कड ब्लेडने कापल्यासारखी. माझ्या पुस्तिकेतला काळा फरफटलेला आहे, कुंचला कोरडा होत आलेला असताना ओढलेला. छपाई वाईट असली तर बारीक रेघ तुटते किंवा जाड रेघ फुगते. कुंचल्याचे केस वेगवेगळे झाल्याची खूण प्लेट तयार करू शकत नाही. हे मी काकांना भिंगाखाली दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विषय बदलला, म्हणजे पटलं.

बॅरीबद्दल आणखी एक. पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत त्याच्या सहीमागे जॉर्ज ओलेसन, जो जिएला अशा इतरांचे हातही होते. पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची. मग 'बॅरीची शैली' म्हणजे नेमकं कोण? कान, नख, चुणी हे शाईत सापडतं. माणूस चौकटीत कुठे उभा केलाय, किती वाकवलाय, क्षितिज कुठे धरलंय हे पेन्सिलीत ठरतं आणि शाई करणाऱ्याला ते सहसा बदलता येत नाही. दोन चाचण्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर एकाच चित्राची दोन उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

इन्फँटिनोसाठी ही दुसरी चाचणीच वापरली. १९५६पासूनचा फ्लॅश, म्हणजे वेगाने धावणारा तो अमेरिकी कॉमिक्सचा नायक, त्याने काढलाय, त्याची मांडणी लपत नाही. शिडशिडीत लांब माणसं, खाली धरलेलं क्षितिज आणि त्यावर दूरवर शहराची आडवी रांग. माझ्या पुस्तिकेत शहराचं पान होतं, कोटाचं. क्षितिज छातीच्या उंचीला, इमारती अंगावर आलेल्या, माणसं रुंद खांद्यांची, जमिनीवर घट्ट उभी. इन्फँटिनोने कुणाचं तरी सोंग घेतलं असेल असं मानायला जागा राहते, पण घाईच्या कामात माणूस सोंग कशाला घेईल?

उरला लिग्नांटे. उरला म्हणून तोच, हे मला पुरेसं वाटत नव्हतं. फ्रूच्या अंकांत एका गोष्टीत तो होता. तिथल्या फालतू माणसांचे कान काढले. कानामागचा ठिपका होता. पेरांवरचे जोडफटकारे होते. प्रत्येक हातावर नव्हते, पण मूठ वळलेली असली की होतेच. माझ्या पुस्तिकेतही फक्त वळलेल्या मुठीवरच आहेत, हे मी तोवर बघितलं नव्हतं. परत जाऊन बघितलं. उघड्या पंजावर एकही नाही. मला स्वतःला पटलं ते इथे. खूण सापडणं वेगळं आणि ती कधी येत नाही हेही जुळणं वेगळं.

लिग्नांटेने पुढे गोल्ड कीचे वेताळ अंक काढले आणि नंतर अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी कोर्टात बसून खटल्यांची चित्रं काढली. तिथे कॅमेऱ्याला मज्जाव, साक्षीदार उठायच्या आत चेहरा कागदावर उतरवायचा. हे वाचल्यावर तो फरफटलेला कुंचला एकदम अर्थपूर्ण वाटायला लागला. म्हणूनच ही माहिती मी पुराव्यात धरली नाही. चरित्र कळलं की रेघेत चरित्र दिसायला लागतं, आणि ते कुणाच्याही रेघेत दिसतं.

झेरॉक्स, ट्रेसिंग आणि पुस्तिका घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी कानांचा कागद उलटासुलटा केला. पट्ट्यांच्या चड्डीवर मात्र त्यांची नजर थांबली. मग उठून त्यांनी कपाटातून त्याच सुमाराच्या गोष्टींचे आणखी दोन अंक काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून सोडवले आणि वेताळाची कंबर शोधायला लागले. एकात पट्टे सपाट. दुसऱ्यात वळलेले, आणि त्याच्या कार्डावर इतकी वर्षं 'मॅकॉय' लिहिलेलं.

"हाही तुझाच का?" त्यांनी विचारलं.

"कान बघावे लागतील."

"मग बघ. इथे बसून."

माझ्या पुस्तिकेसाठी त्यांनी नवं कार्ड केलं. सांध्याच्या पानापर्यंत मॅकॉय, तिथून पुढे लिग्नांटे. मॅकॉय शाईने लिहिला, लिग्नांटे पेन्सिलीने.

"पेन्सिलीने का?"

"पुढून-मागून पानं नाहीत तुझ्याकडे. पुरा अंक आण, शाईने लिहितो."